अर्धीमुर्धी कल्पना चारचौघांत का मांडायची?

दरवर्षी ऑक्टोबरात पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती येते. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या वर्गांपासून शाळकरी मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांपर्यंत पायथन शिकवतात, त्यामुळे ही बातमी आता चार तज्ज्ञांपुरती राहिलेली नाही. नव्या आवृत्तीत काय आलं हे सगळे सांगतात. ते आलं कुठून, हे फारसं कुणी सांगत नाही. एखाद्याच्या डोक्यातला अर्धामुर्धा विचार जगभरातले लाखो लोक वापरतात त्या भाषेचा भाग होतो, तो कोणत्या वाटेनं? आणि जिथे मालक नाही, साहेब नाही, बरेचसे लोक पदरचा वेळ देऊन काम करतात, तिथे हे जमतं कसं?

प्रश्न संगणकाचा वाटतो, पण स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेला तो पडतो. नव्या माणसाला काहीतरी सुचतं. तो बैठकीत चाचरत सांगतो, दोन अनुभवी माणसं "आपल्याकडे नाही चालायचं हे" म्हणतात आणि विषय संपतो. नाहीतर उलट होतं. चौघं जण आपसांत सगळं ठरवून टाकतात आणि बाकीच्यांच्या हातात थेट पत्रिका पडते. पहिल्या प्रकारात कल्पना मरते, दुसऱ्यात माणसं दुरावतात. मुक्त सॉफ्टवेअर, विकिपीडिया आणि अगदी गणिताच्या क्षेत्रातही काही समूहांनी यातून तिसरी वाट काढली आहे. कल्पना कच्ची असतानाच ती उघडपणे मांडायची, आणि ती कच्ची आहे हे सगळ्यांनी लक्षात ठेवून तिच्याशी वागायचं. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो.

## आधी एक फसलेला प्रयोग

2000 साली जिमी वेल्स यांनी न्यूपीडिया नावाचा इंटरनेटवरचा मोफत ज्ञानकोश सुरू केला. संपादक होते लॅरी सँगर. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि ते सात टप्प्यांच्या तपासणीतून गेल्यावरच लोकांना दिसायचे, असा नेम होता. हेतू उत्तम होता, पण न्यूपीडिया 2003 मध्ये बंद पडेपर्यंत जेमतेम दोन डझन लेख पूर्ण झाले. त्याला पूरक म्हणून 15 जानेवारी 2001 रोजी विकिपीडिया सुरू झाला. तिथे दोन ओळींचा अपुरा लेखही सगळ्यांसमोर ठेवता येत होता आणि दुसरा कुणी येऊन त्यात तिसरी ओळ घालू शकत होता. वर्षभरात लेखांची संख्या हजारोंवर गेली.

यावरून "तपासणी नको, सगळं मोकळं सोडा" असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. तपासणी विकिपीडियातही आहे आणि पुढे ती चांगलीच कडक झाली. फरक पडला तो ती कधी करायची यात. न्यूपीडियानं पक्क्या मालाची कसोटी कच्च्या मालाला लावली होती.

## गादीवाफा आणि शेत

नाशिक-नगरकडचा शेतकरी कांद्याचं बी सहसा थेट शेतात टाकत नाही. आधी गादीवाफ्यावर टाकतो. वाफा घरात नसतो, उघड्यावरच असतो, ऊन-वारा लागतोच. पण तिथे पाणी झारीनं घालतात, तण हातानं काढतात, आणि रोप सहा-आठ आठवड्यांचं झालं की त्यातलं सशक्त तेवढं उपटून शेतात लागण करतात. वाफ्यातल्या रोपाकडे बघून एकरी उतारा किती, असं कुणी विचारत नाही.

कच्च्या कल्पनेला असाच वाफा लागतो. जागा सगळ्यांना दिसेल अशी, पण मुख्य कामापासून वेगळी. तिथले नियम वेगळे. कधीतरी लागण करायची आहे हे ठरलेलं, आणि सगळी रोपं शेतात जाणार नाहीत हेही आधीपासून मान्य.

## पायथनचा वाफा: पेप

गिडो व्हान रॉसम या डच प्रोग्रामरनं 1989 च्या नाताळात ॲमस्टरडॅममध्ये पायथनचं काम सुरू केलं आणि 1991 मध्ये भाषा लोकांसमोर ठेवली. वापरणारे वाढले तशा सूचनाही वाढल्या. 2000 साली त्यासाठी एक पद्धत बसवली गेली. भाषेत काय बदल हवा, का हवा आणि त्याचे तोटे कोणते, याचा लेखी प्रस्ताव. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन त्याला 'पेप' म्हणतात. प्रत्येक पेपला क्रमांक मिळतो आणि तो कुणालाही वाचता येतो.

पण पेप लिहायला बसण्याआधीची पायरी माझ्या मते जास्त शहाणपणाची आहे. आधी कल्पना चर्चेच्या जागी नुसती बोलून दाखवायची. अशा जागांपैकी एक खास कच्च्या कल्पनांसाठीच राखलेली आहे. तिथे कळतं की हे आधी कुणाला सुचलं होतं का, अडचण खरंच सगळ्यांची आहे की माझ्या एकट्याच्या कामातली आहे, भाषेला हात न लावता ती सुटते का. बऱ्याच कल्पना इथेच थांबतात, आणि ते बरंच आहे. तीस पानं लिहून झाल्यावर "हे तर आधीच आहे" असं ऐकण्यापेक्षा चार ओळी लिहून ऐकलेलं सोसवतं.

कल्पना यातून तरली आणि लेखक भाषेच्या मुख्य प्रोग्रामरांपैकी नसेल, तर त्याला त्यांच्यातला एक पाठीराखा शोधावा लागतो. पाठीराख्यानं कल्पनेशी पूर्ण सहमत असलंच पाहिजे असं नाही. नवख्या माणसाला वाट दाखवणं, प्रस्ताव नीट आकाराला आणायला मदत करणं, हे त्याचं काम. स्वयंसेवी संस्थांत नवी माणसं का टिकत नाहीत याची कारणं शोधताना आपण निधी, वेळ, राजकारण अशी मोठी मोठी कारणं काढतो. कित्येकदा त्यांना पहिल्या महिन्यात बोट धरणारं कुणी नव्हतं, एवढंच झालेलं असतं.

आता एखादा पेप उघडून बघा. सगळ्यात वर क्रमांक आणि शीर्षक, खाली लेखकाचं नाव, मग 'स्थिती' अशी एक ओळ. मसुदा, स्वीकृत, नाकारला, मागे घेतला, लांबणीवर. ही एक ओळ सगळा सूर ठरवते. 'मसुदा' वाचल्यावर वाचणारा जाणतो की यात भोकं असणारच, ती दाखवायलाच आपल्याला बोलावलं आहे. पुढे मजकुरात आणखी दोन सदरं भेटतात. एक, अजून न सुटलेल्या प्रश्नांचं. दुसरं, चर्चेत आलेल्या पण नाकारलेल्या पर्यायांचं, आणि तिथे कारणंही लिहायची असतात. आपल्या प्रस्तावात काय ठरलेलं नाही हे लेखकानं स्वतःहून सांगायचं. आपल्याकडच्या किती अहवालांत असं सदर असतं?

## नाकारलेली कल्पना वाया जाते का?

पायथनमध्ये एक उणीव बरीच वर्षं जाणवत होती. एका गोष्टीच्या दहा शक्यता असतील तर "हे असेल तर असं कर, ते असेल तर तसं कर" अशी तर-तरची लांबलचक शिडी लिहावी लागे. इतर कित्येक भाषांत यासाठी 'स्विच' नावाची सुटसुटीत रचना होती. नोव्हेंबर 2000 मध्ये तसा प्रस्ताव आला, पेप 275. मग 2006 मध्ये खुद्द व्हान रॉसम यांनी पेप 3103 लिहिला. त्यात एकच उत्तर पुढे रेटलेलं नव्हतं. ही रचना लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा आणि ती आतून कशी चालावी याबद्दलचे वेगवेगळे मतप्रवाह, सगळं शेजारी शेजारी मांडलं होतं. 2007 च्या पायथन परिषदेत भाषण करताना त्यांनी श्रोत्यांचा कौल घेतला. पाठिंबा दिसला नाही. भाषेच्या जनकानं स्वतःचाच प्रस्ताव नाकारला आणि नाकारल्याचं कारण त्याच पेपच्या माथ्यावर लिहून ठेवलं.

पेप पुसून टाकला नाही, हे इथे महत्त्वाचं. जून 2020 मध्ये पेप 622 आला आणि त्याच्या लेखकांत व्हान रॉसमही होते. आता मागणी वेगळी होती. नुसती किंमत (म्हणजे साठवलेला आकडा किंवा शब्द) जुळते का एवढं न बघता माहितीची ठेवण कशी आहे ते ओळखायचं आणि त्याच दमात तिचे भाग सुटे करून द्यायचे. चर्चा लांबली, टीकाही बरीच झाली. लेखकांनी प्रस्ताव परत घेऊन तीन कागदांत विभागला. एकात नेमके नियम, दुसऱ्यात हे कशासाठी याची कारणमीमांसा, तिसऱ्यात शिकणाऱ्यांसाठी धडा. फेब्रुवारी 2021 मध्ये मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर 2021 च्या 3.10 आवृत्तीत 'मॅच' नावानं ही रचना आली. पहिल्या प्रस्तावापासून जवळजवळ 21 वर्षांनी.

2007 मधला नकार चूक होता असं मला वाटत नाही. तेव्हाचा प्रस्ताव पुरेसा चांगला नव्हता. पण तो कारणांसह जपून ठेवल्यामुळे पुढच्यांना कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागली नाही. नकार लिहून ठेवण्याला खर्च जवळपास नसतो, तरी बहुतेक संस्थांच्या इतिवृत्तांत फक्त मंजूर ठराव सापडतात.

## अर्धा विचारच बोला, पूर्ण नको

याहून धाडसी प्रयोग गणितात झाला. गणिती माणूस म्हणजे खोलीत कोंडून घेऊन वर्षानुवर्षं एकटा झगडणारा, अशी आपली समजूत असते. 2009 च्या सुरुवातीला केंब्रिजचे टिमोथी गॉवर्स यांनी जाहीर विचारलं की पुष्कळ लोकांनी मिळून, सगळ्यांसमोर, गणिताचा कठीण प्रश्न सोडवता येईल का. या उपक्रमाचं नाव पॉलिमॅथ. गॉवर्स यांना गणितातला मानाचा फील्ड्स सन्मान मिळालेला होता, म्हणजे उघड्यावर अडखळण्यात त्यांचं नाव पणाला लागत होतं.

निवडलेल्या प्रश्नाची चुणूक फुली-गोळ्याच्या खेळावरून मिळते. तीन बाय तीनच्या चौकटीत थोडी घरं भरली आणि रेषा होऊ दिली नाही, हे सहज जमतं. आता चौकटीला लांबी-रुंदीबरोबर तिसरी, चौथी, शंभरावी मिती देत जा. एकूण घरांपैकी ठरावीक टक्के घरं भरायची असतील, मग तो टक्का कितीही लहान असो, मिती पुरेशा वाढल्या की रेषा टाळणं अशक्य होतं. हे 1991 मध्ये सिद्ध झालेलं होतं, पण फार अवजड साधनं वापरून. साध्या साधनांनी जमेल का, हा प्रश्न होता.

सहभागाचे नियम वाचण्यासारखे आहेत. टिपण छोटं हवं. विचार अपुरा चालेल, चुकीचाही चालेल. आणि सगळ्यात नवलाचा नियम असा की, एकट्यानं बाजूला जाऊन खूप पुढे जाऊ नका, आधी इथे सांगा. शाळेत आपल्याला नेमकं याच्या उलट शिकवतात. पण कारण पटण्यासारखं आहे. एकाचा अडकलेला विचार दुसऱ्याला लगेच पुढे नेता येतो, मात्र तो अडकलेल्या अवस्थेत दिसला तरच. गुळगुळीत करून आणलेल्या उत्तराला बोट लावायला जागा उरत नाही.

37 दिवसांत 27 जणांनी सुमारे 800 टिपणं लिहिली आणि मूळ प्रश्न सुटल्यात जमा असल्याचं गॉवर्स यांनी जाहीर केलं. लिहिणाऱ्यांत टेरेन्स टाओ यांच्यासारखे दिग्गज होते, तसा शाळेत गणित शिकवणारा एक शिक्षकही होता. शोधनिबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक टोपणनावानं छापून आला.

## पण माझी कल्पना कुणी चोरली तर?

ही भीती खोटी नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. पेटंट घ्यायचं असेल तर ते नव्या शोधावरच मिळतं, आणि भारतात साधारणपणे अर्ज करण्याआधी जाहीर केलेली गोष्ट नवी धरत नाहीत. त्यामुळे तुमच्याकडे खरोखर पेटंट घेण्याजोगं यंत्र किंवा प्रक्रिया असेल, तर आधी वकील गाठा. चर्चा नंतर.

पण स्वयंसेवी समूहातल्या बहुतेक कल्पना तशा नसतात. भारतीय पेटंट कायद्यात नुसता संगणक प्रोग्राम किंवा गणिती पद्धत पेटंटला पात्रच नाही. आणि उघडपणे मांडलेल्या विचारावर तारीख आणि नाव दोन्ही असतं. कुणी नंतर "हे माझं" म्हणालं तर नोंद सगळ्यांसमोर असते, पेटंटचा दावा केला तर हीच नोंद त्याच्या आड येते. बंद खोलीत सांगितलेल्या कल्पनेला असा साक्षीदार नसतो. खरं सांगायचं तर कल्पना चोरीला जाण्यापेक्षा कुणी तिच्याकडे ढुंकून न पाहणं, हेच कितीतरी जास्त घडतं.

## सगळेच बोलले तर निर्णय कोण घेणार?

उघड चर्चा म्हणजे मतदान, हा मोठा गैरसमज आहे. पायथनमध्ये बोलायला सगळ्यांना मुभा आहे, निर्णयाची जबाबदारी ठरावीक माणसांवर आहे. 2018 पर्यंत शेवटचा शब्द व्हान रॉसम यांचा असायचा. त्या वर्षी पेप 572 वरून वाद पेटला. मागणी दिसायला किरकोळ होती. किंमत साठवणं आणि वापरणं एकाच ठिकाणी करता यावं म्हणून अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह जोडून एक नवं चिन्ह आणायचं. काहींना ते सोयीचं वाटलं, काहींना भाषेचा साधेपणा बिघडवणारं. चर्चा शेकडो संदेशांवर गेली, सूर चढले. व्हान रॉसम यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि 12 जुलै 2018 रोजी निर्णयकर्त्याचं पद सोडलं. एका पेपसाठी इतकं भांडावं लागावं आणि इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे आता नको, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

उघडेपणाची किंमत असते, आणि बऱ्याचदा ती सर्वांत जास्त काम करणारी माणसं मोजतात. हे लपवून उघडेपणाचं कौतुक करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. प्रत्येक येणारा नवं मत घेऊन येतो, पण उत्तर देणारा तोच असतो आणि त्याच उत्तरांनी थकतो. त्यानंतर पायथननं निवडून आलेल्या पाच जणांचं मंडळ नेमलं. पाचांतले दोनांहून जास्त सदस्य एकाच कंपनीचे नोकर असू नयेत, असाही नियम केला. ओझं वाटलं गेलं. 'मॅच'चा अवघड निर्णय याच मंडळानं घेतला आणि त्याच वेळी दोन पर्यायी प्रस्ताव नाकारले.

## हे फक्त इंग्रजीवाल्या तज्ज्ञांचं काम नाही का?

याचं उत्तर गोव्यात मिळतं. नव्या भाषेतला विकिपीडिया एका दिवसात सुरू होत नाही. त्यासाठी 'विकिमीडिया इनक्युबेटर' नावाची वेगळी जागा 2006 पासून आहे. तिथे त्या भाषेतले लोक प्रायोगिक विकिपीडिया चालवतात, सगळ्यांना दिसेल असा, पण स्वतंत्र नाव-पत्ता नसलेला. काही महिने सलग लिहिणारी पुरेशी माणसं आहेत का, पडद्यावरची बटणं आणि सूचना त्या भाषेत आल्या का, हे पाहून मगच भाषा समिती संमती देते. कोकणी विकिपीडिया तिथे कित्येक वर्षं वाढत होता. 2013 मध्ये गोवा विद्यापीठानं आपला कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, त्यानं कामाला बळ मिळालं, आणि 2015 मध्ये कोकणी विकिपीडिया स्वतंत्र झाला. देवनागरी आणि रोमी लिप्यांतले लेख तिथे एकत्र नांदतात. लिपीचा वाद आधी मिटवू आणि मग लिहू, असं म्हटलं असतं तर किती वर्षं गेली असती कोण जाणे.

## आपल्या संस्थेत काय करता येईल

मोठी यंत्रणा लागत नाही. एक सामायिक वही किंवा फाइल पुरते. कल्पनेचं नाव, कुणाला सुचली, ती आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, तिच्याकडे लक्ष कोण देणार, आणि थांबवली तर का. व्हॉट्सअॅपच्या गटावर हे टिकत नाही, कारण सकाळची कल्पना दुपारच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. कल्पना 'मसुदा' आहे तोवर प्रश्न विचारायचे, निकाल द्यायचा नाही. "खर्च कोण करणार?" हा प्रश्न रास्त आहे, पण पहिल्याच मिनिटाला विचारला की तो नकारच असतो. आणि अवस्था बदलायची तारीख ठरवा, नाहीतर मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहतो आणि तो मांडणारा कंटाळून निघून जातो.

काही गोष्टी मात्र उघड्यावर मांडूच नयेत. पायथनमध्येही सुरक्षेतलं भगदाड सापडलं तर ते आधी जबाबदार गटाला खासगीत कळवतात आणि दुरुस्ती तयार झाल्यावर जाहीर करतात. संस्थेत एखाद्या सदस्याबद्दलची तक्रार, कुणाच्या आजारपणाची माहिती, देणगीदारानं विश्वासानं सांगितलेली अट, यांनाही हाच नियम लावावा. अशी गोष्ट कुणी चुकून सामायिक वहीत लिहिली, तर ती तिथून काढून संबंधित दोघा-तिघांकडे नेण्याचं काम कुणाचं, हे वही सुरू करण्याआधीच ठरवून टाका.